सासऱ्यांनी न पाहिलेलं पाणी

आमच्या घाटघरला पावसाळ्यात बेडकांनाही सर्दी होते आणि वारा सुटला की म्हशीला दगड बांधून ठेवावा लागतो. यातलं थोडं मी वाढवलंय. पण पुढचं खरं आहे : दरीतून वारा असा उसळतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर येतं.

पारगावला मुलगी बघायला गेलो तेव्हा चहा पिता पिता मी हेच सांगितलं, आणि जमत आलेलं लग्न मोडायला आलं.

मुलीचे वडील इतिहासाचे प्राध्यापक. जीव सगळा जुन्या इंग्रज शंकेखोरांवर. ते लोक भर पाद्र्यांच्या राज्यात विचारायचे, चमत्कार पाहिला म्हणणारा साक्षीदार कोण, आणि त्याचा यात फायदा काय? पाद्र्यांनीही उत्तरादाखल उशीएवढे ग्रंथ लिहिले. प्राध्यापकांनी दोन्ही पक्ष एकाच कपाटात कोंडलेले. दाराला कान लावला तर आत हाणामारी ऐकू यायची, आईशपथ.

"पाणी वर जातं? खोटं बोलणाऱ्याला मुलगी द्यायची नाही मला."

"अहो, तुमच्याच पुस्तकातला तो गरम देशातला राजा विसरलात?" मुलीची आई म्हणाली. "नदी गोठते, वरून हत्ती चालेल, असं सांगणाऱ्याला तो खोटारडा म्हणाला. आपण पाहिलं नाही म्हणजे ते खोटंच असं नसतं, असं म्हणत त्यावरूनच पाद्र्यांनी तुमच्या लोकांना धरलं ना?"

"मग बघूनच येऊ," प्राध्यापक म्हणाले.

भर आषाढात मंडळी आमचं घर बघायला आली. नेमका वारा मेला. पाणी शहाण्यासारखं सरळ खाली.

"कालपातूर वर जात व्हतं, पावणं!" आमचे वडील रडकुंडीला आले. "तुमाला बघून लाजलं बगा."

"शंकेखोर आला की चमत्कार थांबतो, हे जुनंच आहे," प्राध्यापक म्हणाले आणि जीपकडे वळले.

तेव्हा मुलगी बोलली. "बाबा, साक्षीदाराचा फायदा बघायचा ना? लग्न जमवायचं होतं, तर पुण्यात फ्लॅट आहे म्हणाला असता. तुम्हाला पटलंही असतं. पाणी वर जातं सांगून याला मिळालं काय? नुकसानच झालं की!"

प्राध्यापक जीपपासून मागे फिरले.

"हा पाद्र्यांचा मुद्दा आहे. सांगून ज्याचा तोटाच झाला, तो साक्षीदार खरा."

"चूक आहे का?"

"...नाही. फोडा सुपारी."

सुपारी फुटली आणि मंडळी निघाली, तोच खालून वारा असा आला की अख्खा धबधबा सासऱ्यांच्या डोक्यावर. मासेसुद्धा पडले म्हणतो मी, पण बायको नाही म्हणते. सासऱ्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"काचा ओल्या होत्या. मी काही पाहिलेलं नाही."

आता दर पावसाळ्यात ते येतात, मला कड्यापर्यंत घेऊन जातात, आणि तिथं पोचल्यावर चष्मा काढून खिशात ठेवतात. मी म्हणतो, "बघा की राव एकदा, लई जोरात चाललंय!"

"कशाला?" ते म्हणतात. "जावयाच्या शब्दावर खरं मानलंय ना आपण."