सोपानदादाच्या जीपची गळती

आईशप्पत, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. म्हणजे दोन-चार शब्द माझे हायेत, पण कोणते ते आता मलाच आठवत न्हाई. नागापूरला एमआयडीसीत आमच्या अण्णाच्या गॅरेजात किस्से नटबोल्टागत साचतेत. डबा उपडा केला की पाहिजे तो सोडून बाकी सगळे हाताला लागतेत. हे मात्र सगळे एकाच जीपचे हायेत. आणि ह्यात माझ्यावर लई अन्याय झालाय, तेवढं ध्यानात ठेव.

*

सोपानदादा निंबळकचा. त्याची जीप शिर्डीला प्यासेंजर नेते. एका सोमवारी आला, "अण्णा, इंजिनातून ऑइल गळतंय."

वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं हुतं. मी नवं बसवलं. धुवून, पुसून शुक्रवारी कोरडीठाक गाडी दिली. पुढच्या सोमवारी दादा परत हजर. "गळतंय!"

अण्णानं माझ्याकडं बघितलं.

"अण्णा, मी बोल्ट आवळले हुते."

"कोणत्या गाडीचे?"

*

आता माझं नाव आधीच खराब हाय, हे कबूल. मागं एकदा मी अण्णाच्या स्कूटीचा हॉर्न ब्रेकला जोडला हुता. ब्रेक दाबला की हॉर्न! अण्णा सासरवाडीच्या गल्लीत वाजतगाजत शिरला. सासरा बाहेर येऊन म्हणला, "जावईबापू, बाकीची वरात कुठाय?"

एकदाच केलं ते! पण तेव्हापासून गॅरेजात टायर बसला तरी हवा मीच सोडलेली!

*

शेजारच्या शकीलभाई वेल्डरला अण्णानं जीप दाखवली. भाईनं वाकून बघितलं, दाढी खाजवली आणि म्हणला, "वेल्डिंग मारायला लागंल."

"कुठं?"

"ते तुमी शोधा. मी मारून देतो."

*

मग अण्णानं जुनी युक्ती काढली. इंजिन धुवायचं, वाळवायचं आणि वरून पावडर मारायची. तेल जिथून निघंल तिथून पावडरवर ओघळ दिसतो. पावडर अण्णानं घरून आणली, वहिनींची. गुलाबाची! आख्खा डबा रिकामा केला. इंजिन नवरीगत दिसायला लागलं.

सोमवारी सोपानदादा आला तोच चिडून. "प्यासेंजर इचारतेत, गाडीत मयत हाय का लग्न हाय?"

बॉनेट उघडलं. ओघळ एकदम स्पष्ट! पार वरनं, झाकणाच्या डोक्यावरनं खाली आलेला. आता त्याच्या वर काय असतं? काहीच न्हाई. फक्त बॉनेटचा पत्रा. अण्णानं पत्र्याला हात लावून बघितला. मग सावकाश माझ्याकडं वळला.

"अण्णा, पत्रा गळतो व्हय?"

हे बोलायला नको हुतं.

*

मी म्हणलं, "अण्णा, नीट बघा. हे तेल पिवळं हाय, पातळ हाय. आणि गरम झाल्यावर वडे तळल्यासारखा वास येतोय!"

अण्णा म्हणला, "भूक लागली असंल तर घरी जा. कायमचा जा. ह्या शुक्रवारी गाडी कोरडी जाणार आणि सोमवारी गळली, तर तुझे पाने-पकडी पिशवीत भरायचे."

तीन वर्षं काम केलं मी तिथं! एक बोल्ट ढिला सोडला न्हाई! ढिला सोडला असंल, तर मुद्दाम सोडला असंल!

*

शुक्रवारी कोरडी, सोमवारी ओली. म्हणजे मधी काहीतरी घडतंय. शनिवारी सकाळीच निंबळकला गेलो. सोपानदादाची जीप अंगणात, दादा आंघोळीला. आणि त्याची आई, हौसामावशी, बॉनेट उघडून उभी! एका हातात रुईच्या पानांचा हार, दुसऱ्या हातात तांब्या. डोळे मिटून इंजिनावर तेलाची धार!

मी मोबाईलवर शूटिंग चालू ठेवूनच इचारलं, "मावशी, हे काय?"

"गाडीला साडेसाती लागलीय बाबा. सारखी गळती. म्हणून दर शनिवारी तेल घालते. सोपानाला सांगू नको, त्याला पटत न्हाई असलं."

"मग गळायची थांबली का?"

"न्हाई ना! म्हणून तर वाटीचा तांब्या केला."

तसाच पळत गॅरेजात. अण्णाला व्हिडिओ दाखवला. अण्णानं एकदा बघितला. परत लावून बघितला. मोबाईल माझ्या हातात दिला आणि माझ्या पान्यांची पिशवी उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली.

"बिचाऱ्या म्हातारीला पढवताना लाज न्हाई वाटली तुला?"

हसतोस काय? तवापासनं ही चहाची टपरी टाकलीय मी. दोन चहा आणि एक क्रीमरोल झालाय. दे पैसे.