तिसरी रिंग

जीप घेऊन लातूरला निघालो त्या सकाळी उस्तादाने तिचं तेल आणि फिल्टर स्वतःच्या हाताने बदलून दिला, आणि मी त्याच्या पाया पडलो. पुढचं सगळं आठवताना मला पहिला राग येतो तो त्या वाकलेल्या माझ्या कमरेचा, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

उस्ताद म्हणजे नांदेडात ज्याच्या गॅरेजात मी नऊ वर्षं काम केलं तो. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करायचो. इथे 'तो' म्हणतोय, आणि मुद्दाम म्हणतोय.

त्याच्या गॅरेजचा एक रिवाज होता. गाडीतून जे जुनं काढलं ते मालकाच्या तळहातावर ठेवायचं. प्लग असो, बेअरिंग असो, नाहीतर फिल्टरची दोन पैशांची रबरी रिंग असो. मालकाने ते बघायचं आणि मगच बॉनेट बंद करायचं. कंधार-लोह्याकडून लोक लांबून त्याच्याकडे गाड्या आणायचे ते या रिवाजामुळे. हातावर वस्तू पडली की माणसाचा विश्वास बसतो.

माझी जीप लिलावातली होती. घेतली तेव्हा तिची नुसती हाडं राहिली होती, रिकाम्या वेळात दोन वर्षं खपून मी ती उभी केली. तेवढ्यात लातूर जिल्हा नवा झाला. पाठोपाठ दुष्काळ होताच. नव्या जिल्ह्याला गाड्या पुरेनात, म्हणून विहिरी आणि टँकर बघत फिरणाऱ्या साहेबांसाठी खाजगी जीपा ड्रायव्हरसकट भाड्याने लावून घेऊ लागले. पहिला महिना पारखायचा. दोनदा गाडी रस्त्यात बसली तर यादीतून नाव कट. महिना नीट गेला की वर्षभराची निश्चिंती. मी लातुरात एक खोलीही बघून ठेवली होती. महिना पार पडला की बायकोला आणायचं आणि आपला संसार आपल्या हिमतीवर मांडायचा, एवढंच डोक्यात होतं.

उस्तादाला ते आवडलं नव्हतं. "तिकडं जाऊन काय करून राहिलास? ड्रायव्हरकी?" असं तो दोन-तीनदा म्हणाला. पण निघायच्या दिवशी आपणहून जीपखाली शिरला. मला पाना धरू दिला नाही. "आज तू मालक हायस, बाजूला उभा ऱ्हा," म्हणाला. नवा फिल्टर बसवला आणि रिवाजाप्रमाणे जुनी रिंग माझ्या तळहातावर ठेवली. नऊ वर्षं मी लोकांच्या हातावर ठेवत आलो होतो, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातावर कुणी ठेवली. माझे डोळे भरून आले. ती रिंग मी फडक्यात बांधून डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवली. देवाचा अंगारा ठेवावा तशी.

लातूरला नव्या ऑफिसवर पाटीसुद्धा नीट सुकली नव्हती. माझ्या वाट्याला एक इंजिनियर साहेब आले. कमी बोलणारे, घड्याळ बघणारे. पहिले आठ-दहा दिवस बरे गेले. मग एके दिवशी सकाळी जीपखाली रुपयाएवढा काळा डाग दिसला. मी तेलाचा बोल्ट आवळला. दुसऱ्या दिवशी डाग ताटलीएवढा. त्याच दिवशी औशाच्या रस्त्यावर तेलाचा लाल दिवा लागला आणि गाडी थांबवावी लागली. ही पहिली खेप.

खालून टपकतंय म्हणजे खालूनच गळतंय, असं नसतं. हे मला उस्तादानेच शिकवलेलं. गाडी धुवायला पाणी मागायची त्या दिवसांत कुणाची छाती नव्हती. चहाच्या टपरीवरून चुलीची राख मागून आणली, इंजिन डिझेलच्या फडक्याने कोरडं पुसलं आणि त्यावर राख भुरभुरली. मग इंजिन चालू करून डोकं घालून बसलो. थोड्या वेळाने राखेत ओली रेघ उमटली. वर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी सुरू होऊन ती खाली तेलाच्या चेंबरपर्यंत येत होती.

त्या जीपचा फिल्टर म्हणजे लोखंडी डबा. आत कागदाचा गोल फिल्टर. डब्याचं तोंड वर इंजिनला जिथे टेकतं तिथे खाच, खाचेत रबरी रिंग, आणि मधला लांब बोल्ट सगळं आवळून धरतो. मी तो बोल्ट अर्धा फेरा आवळला. उघडून बघायला हवं होतं. पण उस्तादाच्या हातचं काम उघडून बघायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं, आणि तसं करणारा मी नव्हतो. साहेबांना सांगितलं, आता काळजी नको.

तीन दिवसांनी निलंग्याकडे जाताना भस्सकन आवाज झाला. उतरून बघतो तर रस्त्यावर तेलाचा पट्टा, आणि डब्याच्या बाजूने रिंगचा एक फुगवटा बाहेर आलेला. विहिरीवर घागरी घेऊन बसलेला एक म्हातारा येऊन बघत उभा राहिला. "इथं पाण्याचा थेंब न्हाई, आन् तुमची गाडी तेल सांडून राहिली," म्हणाला.  साहेबांनी समोरून आलेल्या टँकरला हात केला, ड्रायव्हरशेजारी चढले आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही दुसरी वेळ."

तिथे उन्हात मी डबा उघडला. वरच्या खाचेत जुनी रिंग तशीच होती. तेलाने काळी, वाळून लोखंडासारखी झालेली. तिच्याखाली नवी रिंग, फाटून बाहेर आलेली. जुनी न काढताच नवी बसवलेली, दोन रिंगा एकावर एक. नवशिक्याची चूक. गॅरेजात माझ्या पहिल्याच दिवशी उस्तादाने सायकलच्या तारेचा आकडा हातात देऊन म्हटलं होतं, "आधी खाच कोर. बोट फिरव. मग दुसरं काम."

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याची कीवच आली. म्हातारा झाला, विसरला. हात पहिल्यासारखे राहिले नाहीत. मीच मनात त्याला माफ करून टाकलं.

एका ट्रकने जीप ओढत लातुरात आणली. गोलाईच्या बाजारपेठेतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, शांत आवाजाचे मालक होते. "शरणार्थी," असा त्यांनी लिंगायती नमस्कार केला. मी समोर टांगलेल्या फिल्टरांतला एक ओळखीचा वाटून उचलला. त्यांनी तो हातातून काढून घेतला.

"जुना आणलाव का? आधी त्यो दाखवा. सारखा दिसला म्हून बसत न्हाई."

त्यांनी दोऱ्याने जुन्या फिल्टरची उंची मोजली. मी उचललेला बोटभर बुटका निघाला. तो बसवला असता तर तेल न गाळताच बाजूने निघून गेलं असतं आणि इंजिन आतल्या आत खलास झालं असतं. मग भोकं जुळवली, टोकाची नमद्याची जाड चकती दाबून बघितली आणि योग्य तो फिल्टर पुढे ठेवला. "आता रिंग. जुन्या रिंगा द्या, मापाला."

मी दोन्ही रिंगा काउंटरवर ठेवल्या. फाटलेलीचं माप येईना, वाळलेली मोडली. तेव्हा मला कप्प्यातली रिंग आठवली. जाऊन घेऊन आलो, फडकं सोडलं. त्यांनी ती डब्याच्या तोंडावर धरून बघितली, पुन्हा धरली.

"ही तुमच्या गाडीची न्हाई. लहान हाय. ट्रॅक्टरची असंल. कुणी दिली?"

 एका फिल्टरमधून एकच जुनी रिंग निघते. माझी जुनी तर खाचेतच होती. मग माझ्या हातावर ठेवलेली कुठून आली? विसरणारा माणूस हातावर काही ठेवत नाही. त्याने आधीच दुसरी रिंग खिशात घालून ठेवली असणार. जीपखाली शिरताना ती त्याच्याजवळ होती. मी पाया पडत होतो तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. केसाने गळा कापला माझा, आणि तोही त्या रिवाजाने, ज्यावर मी नऊ वर्षं जीव टाकला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. यादीत माझ्या नावावर रेघ होती. खोलीवाल्याला सांगून टाकलं, येत नाही म्हणून.

तिन्ही रिंगा घेऊन नांदेडला आलो. उस्ताद दारात टायरवर बसला होता. मी त्याचा हात ओढला आणि वाळलेलीचे तुकडे, फाटलेली आणि ती लहान रिंग त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "हाव. म्याच केलं," म्हणाला. "तू गेलास तर हे गॅरेज कोन बघल?"

"तुमाला मागता आलं असतं," मी ओरडलो. "थांब म्हणला असताव तर थांबलो असतो!"

त्याने रिंगांवर मूठ मिटली. मग म्हणाला, "आलास की."

खोटं नव्हतं ते. मी आलो होतो, आणि लाज वाटते सांगायला, पण मी राहिलो. दुष्काळात दुसरं काय होतं? जीप त्याच उन्हाळ्यात विकली. बायकोने लातूरसाठी बांधलेली भांडी पुन्हा फळीवर लावली.

पुढची अकरा वर्षं मी त्याचंच गॅरेज चालवलं, पण फिल्टरला त्याचा हात लागू दिला नाही. खाच कोरून जुनी रिंग काढली की टायरवर बसलेला तो सवयीने हात पुढे करायचा, "बघू" म्हणायचा. मी रिंग त्याच्यासमोरून नेऊन मालकाच्या हातावर ठेवायचो. त्याचा हात थोडा वेळ तसाच राहायचा, मग तो मांडीवर पुसायचा.