दिगंबरभाऊंचं पुढचं अक्षर

स्वतःचं नाव सांगायची वेळ आली की दिगंबरभाऊ खिशातून ओळखपत्र काढून समोर धरायचे. बोलताना ते अडखळत, आणि सगळ्यात जास्त अडखळत ते स्वतःच्या नावावर. नोकरीच्या पहिल्या दिवशी मात्र त्यांच्याकडे ओळखपत्र नव्हतं. परभणीत बसस्टँडजवळ, एका कापडदुकानाच्या वर आमचं लहानसं ऑफिस. साहेबांनी नाव विचारलं. "दि... दि..." एवढंच बाहेर आलं, आणि साहेब म्हणाले, "दिलीप का? या, बसा दिलीपराव." ते येऊन बसले. महिनाभर आम्ही सगळे त्यांना दिलीप म्हणत होतो. ओळखपत्र छापून आलं तेव्हा मला खरं नाव कळलं. "अहो, मग सांगितलं का नाही?" मी विचारलं. ते हसले. "ताई, सांगायलोच व्हतो की."

हे वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला होता. इथं मी त्यांचं बोलणं सलग लिहिते आहे, पण तसं ते क्वचितच यायचं.

आमचं काम पुण्याच्या एका कंपनीकडून येई. सिनेमांची माहिती देणारी एक वेबसाइट होती. कुठला सिनेमा कधी आला, त्यात कोण कोण होतं, असं सगळं तिथं सापडायचं. शोधायच्या चौकटीत दोन अक्षरं टाकली की खाली नावांची यादी उघडे. ती यादी सुधारणं हे आमचं काम. ज्या नावावर जास्त लोक बोट ठेवतील ते नाव वर चढे. माणसानं यादीतलं नाव निवडलं, म्हणजे त्याला हवं ते मिळालं, असं धरलं जाई.

दिगंबरभाऊंना हे पटत नव्हतं. दुपारी ते मोबाइल घेऊन खालच्या चहाच्या टपरीवर जात आणि दिसेल त्याला एखादा सिनेमा शोधायला लावत. कधी मीही जाई. एकदा झरी गावचे एक म्हातारे शेतकरी बियाणं घ्यायला आले होते. लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला एक सिनेमा त्यांना आठवत होता. नावाची सुरुवात 'सो'नं होत होती, पुढचं डोक्यातून गेलं होतं. त्यांनी जपून 'सो' टाकलं. वर त्याच महिन्यात गाजत असलेला नवा सिनेमा आला. आजोबांनी त्यावर बोट ठेवलं.

"आजोबा, ह्योच व्हता का?" दिगंबरभाऊंनी विचारलं. त्यांचं बोलणं संपेपर्यंत आजोबा बशीतला चहा फुंकत थांबले.

"न्हाई बा. त्यात ह्यो हिरो कुठला!"

"मग दाबला कशाला?"

"त्येनंच वर दावलंय म्हणल्यावर आपलंच चुकलं आसंल. मशीनीला लय कळतं."

आम्ही जिना चढून वर आलो. खुर्चीत बसल्यावर दिगंबरभाऊ म्हणाले, "ताई, लोकं हो म्हणत्यात म्हणजे बराबरच हाय असं न्हाई. दमले की बी हो म्हणत्यात." मग म्हणाले, "मी बी दमलो की मान हलवतो. समोरच्याला वाटतं, बराबर वळखलं."

त्यांच्या न झालेल्या लग्नाची गोष्ट त्यांनी मला त्याच दिवशी सांगितली. पंचविशीत असताना मामासोबत सोनपेठला मुलगी पाहायला गेले होते. मुलीनंच धीर करून विचारलं, "पुढं काय करायचं ठरवलंय?" दिगंबरभाऊ "श... श..." करत राहिले, तर मामा म्हणाले, "शेती." भाऊंना म्हणायचं होतं, शिकायचंय. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, असा निरोप दोन दिवसांनी आला. त्यांनी पुन्हा मुलगी पाहिली नाही. "आवडली व्हती," एवढंच म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

आजोबांच्या त्या प्रसंगावरून त्यांनी कंपनीला एक लांब पत्र लिहिलं. एखाद्यानं यादीतलं नाव निवडलं आणि तो लगेच मागे फिरून पुन्हा शोधायला लागला, तर ती निवड मोजू नका. गाजणाऱ्या नावांखाली एखादा जुना सिनेमा असू द्या. त्यावर कंपनीसोबत व्हिडिओवर बैठक ठरली. "ताई, तुमी वाचा. मधीच थांबू नका," ते म्हणाले. मी वाचलं. ते शेजारी मांडीवर हात ठेवून ऐकत होते. पुण्याच्या लोकांनी प्रश्न विचारले, तर भाऊंनी उत्तरं कागदावर लिहून माझ्याकडे सरकवली. पुढच्या महिन्यात ती सुधारणा सुरू झाली.

बैठक झाली त्या संध्याकाळी त्यांनी पोखर्णीला, गावी आईला फोन लावला. रोज निघताना लावायचेच. "माय, मह्यं ऐकलं त्यांनी. हां, सगळं ऐकलं." आईशी बोलताना त्यांची जीभ कधी अडत नसे.

पुढचं लिहायला मला जड जातं.

मे महिना होता. कूलर गरम वारा फेकत होता आणि संध्याकाळपर्यंत पुण्याला यादी तपासून पाठवायची होती. दीडच्या सुमाराला दिगंबरभाऊ माझ्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले. शर्ट घामानं भिजला होता, पण घाम तर सगळ्यांनाच आला होता. "ताई, ज... ज..."

"जेवायला ना? जा तुम्ही. मी बघते," मी म्हणाले. डोळे पडद्यावर होते.

ते गेले नाहीत. मी वर पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, ओठ पुन्हा जुळवत होते. मी म्हणाले, "जा हो, खरंच. मी आहे इथं."

त्यांनी मान हलवली आणि गेले.

अर्ध्या तासानं खालच्या दुकानदारानं हाक मारली. दिगंबरभाऊ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हृदयविकाराचा झटका होता, भाऊ वाचले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणायला पाहिजे होतं." डॉक्टरांना कुणावर ठपका ठेवायचा नव्हता. मला मात्र त्या वाक्यात तो आजही ऐकू येतो.

जड वाटतंय म्हणायचं होतं का? जळजळतंय? की जीव घाबरायलाय? मला कधीच कळणार नाही.

त्यांच्या आईला भेटायचा धीर मला दोन महिने झाला नाही. मग एका रविवारी एसटीनं पोखर्णीला गेले. देवळामागच्या गल्लीत पत्र्याचं घर. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. शेजारी बसून मी तिला सगळं सांगितलं. "मावशी, त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी बोलू दिलं नाही."

तिचे हात थांबले. ती मला शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कंचं अक्षर म्हणालीस, बाई?"

"ज."

"ज," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. "मह्यं नाव जनाबाई हाय. शेवटाला मह्यंच नाव घ्यायला लागला व्हता लेकरू. दुसरं काय आसंल?"

दिगंबरभाऊ तिला माय म्हणत. रोज संध्याकाळी माझ्या शेजारच्या खुर्चीतून मी ते ऐकलं होतं. पोटचा लेक आईला नावानं हाक मारत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मी मान हलवली.