डावा खांदा

आमच्या ह्यांना वाघाचं वेड होतं. म्हणजे बिबट्याचं, पण आमच्या रत्नागिरीत बिबट्याला बिबट्या म्हणतो कोण? वाघच. लग्न ठरलं तेव्हा मुलाचा फोटो स्टुडिओ आहे एवढंच आमच्या घरी सांगितलेलं. वाघाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर मी दोनदा विचार केला असता!

स्टुडिओ बाजारपेठेत आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. ऐंशीनंतरची ती वर्षं. दिवसभर मुंजी, लग्नं, आखातात निघालेल्यांचे पासपोर्टचे फोटो. "मान सरळ, डोळे उघडे, हां" असं हे तोंडाने म्हणायचे आणि मन असायचं डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर. कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकात त्यांनी आफ्रिकेतले फोटो बघितले होते, जीपमध्ये बसून सिंह टिपणाऱ्या लोकांचे. "ह्याला सफारी म्हणतात," मला कौतुकाने सांगायचे. आमची सफारी म्हणजे गणपतीपुळ्याची एसटी, फाट्यावर उतरून माझ्या माहेरापर्यंत पायपीट, आणि त्याच्यावर सडा. नुसता काळा कातळ, उन्हात तव्यासारखा तापलेला. रविवारी जायचे नि पाय सोलवटून यायचे. वाघ काही भेटायचा नाही. भेटायचे ते मातीतले पंजे, आणि हे त्यांचेच फोटो काढून आणायचे. मी म्हणायची, "देवळात गेलात आणि चपला बघून आलात."

मग डोळ्यांनी दगा दिला. आधी आम्हाला कळलंच नाही. एका लग्नाच्या ग्रुपफोटोत कडेची मामी अर्धी कापली गेली, दुसऱ्यात नवरदेवाचा भाऊच नाही. लोक भांडायला आले. मीही त्यांनाच बोलले, लक्ष कुठे असतं तुमचं म्हणून. शेवटी मिरजेला दाखवलं. काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेही राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर कुलूप काढता काढता म्हणाले, "अगो, मला एकदा वाघ बघायचाय. ह्या डोळ्यांनी. आणि फोटो माझ्या हातचा."

जन्मभर ज्या वेडाची मी टवाळी केली, त्याला त्या दिवशी म्हटलं, "जाऊ या. मी येते."

ह्यांचा शाळेपासूनचा एक मित्र होता, खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला, कुवेतला नोकरीला. सुट्टीवर येताना त्याने ह्यांच्यासाठी हातभर लांबीची लेन्स आणली. हे ती मांडीवर घेऊन लहान मुलासारखी कुरवाळत बसले. मी हसत म्हणायला गेले, "आंधळा मागतो एक..." आणि जीभ चावली. मेली आमची जीभ! मित्राने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जाताना ह्यांना म्हणाला, "पुढच्या सुट्टीत येईन तेव्हा वाघ दाखवायचा हां मला."

त्या उन्हाळ्यात माझ्या भावाने निरोप धाडला. सड्यावरची सगळी डबकी आटली होती, एकच राहिलं होतं आणि तिथे तिन्हीसांजेला जनावर येत होतं. आम्ही गेलो. दगड रचून केलेल्या गडग्याच्या आड बसलो, लेन्स गडग्याच्या दगडावर टेकवून ठेवली. ह्यांना तेव्हा समोरचं दिसायचं ते नळीतून बघितल्यासारखं, तेही धूसर. मी म्हटलं, "मी दाबते की बटण." तर म्हणाले, "मग तो फोटो तुझा झाला." म्हणून आम्ही ठरवलं की मी मागे बसायचं, दोन्ही हात ह्यांच्या खांद्यांवर. वाघ उजवीकडे असला तर उजवा खांदा दाबायचा, डावीकडे असला तर डावा. तोंडातून शब्द काढायचा नाही.

चार संध्याकाळी नुसते डास चावले. पाचव्या संध्याकाळी तो आला.

पाण्याच्या डाव्या अंगाला करवंदीची जाळी होती, तिच्यातून तो बाहेर आला. आवाज नाही काही नाही. आधी नव्हता आणि मग होता. मी आयुष्यात इतकं देखणं काही बघितलेलं नाही, आणि माझ्या मंगळसूत्राची शप्पत, त्या क्षणी भीती म्हणून वाटली नाही. मी ह्यांचा डावा खांदा दाबला.

लेन्स तोवर पार उजवीकडे होती, हे जरासे डावीकडे वळले. आणि तिथेच थांबले. पाण्याच्या उजव्या बाजूला कातळाचा एक उंचवटा होता, त्यावर गवताची सावली पडलेली. लेन्स त्याच्यावर. "दिसला," हे ओठातल्या ओठात म्हणाले. "दिसला गो, दिसला!" आणि बटण दाबलं. मी डावा खांदा पुन्हा दाबला, बोटं रुतेपर्यंत दाबला. ह्यांनी एक हात मागे आणला, माझ्या हातावर थोपटलं, घाबरू नको म्हणून, आणि पुन्हा फोटो काढला. तिकडे वाघ पाणी प्यायला, मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि जाळीत गेला. हे मात्र त्या उंचवट्याचे फोटो काढत राहिले, रोल संपेपर्यंत. मग मागे वळले. तोंडभर हसू. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कसं सांगणार होते मी? तुम्हीच सांगा.

रोल ह्यांनीच धुतला. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांचं काम नव्हतं, हात सगळं जाणत होते. प्रिंट दारातल्या उजेडाला नेऊन नाकाशी धरली. "पाण्याच्या उजव्या अंगाला बसलाय, नाही?" मी म्हटलं, "हो." झालं. मोठी प्रत काढून, चौकट करून भिंतीवर लागली.

आमच्या रत्नागिरीकरांची जीभ म्हणजे कोयती. कुणाची भीड ठेवायची नाही. पण त्या फोटोपुढे एकजणही वाकडं बोलला नाही. मी ह्यांच्या पाठीमागे उभी राहून हात जोडायची आणि लोक म्हणायचे, "वा! काय रुबाब आहे!" एका म्हाताऱ्याने तर मिश्या दिसतात म्हणून सांगितलं. हे खूष. पावसाळा संपेतो उजेड आणि काळोख एवढंच उरलं, तरी कुरकुर नाही. म्हणायचे, "शेवटचा बघितला तो वाघ बघितला. आता काळोख झाला तरी बेहत्तर." ते ऐकलं की मला आत जाऊन तोंडात पदर कोंबावा लागायचा.

पुढच्या सुट्टीत मित्र आला. मी आत चहा टाकत होते. मला त्याच्या येण्याची चाहूलही लागली नाही, आवाज ऐकू आला तो थेट त्याचाच, "अरे, हा कातळ कशाला लावलायस? वाघाचा कुठाय?"

मी धावत बाहेर आले. माझं तोंड बघून त्याला सगळं कळलं. बिचारा चाचरत म्हणाला, "थांब थांब, हे काय कान, दिसला रे दिसला." हे हसले. "तिकडच्या वाळूने तुझे डोळे गेले," म्हणाले. मित्र चहा न पिताच गेला. दारात मला म्हणाला, "भाभी, माफ करा." त्याचा काय दोष?

संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं. हे फोटो काढायच्या स्टुलावर बसले होते.

"अगो," म्हणाले, "मग मी काय बघितलं?"

मला रडूच फुटलं. म्हटलं, "कातळ. त्याच्यावरची सावली."

मग म्हणाले, "आणि तो?"

"डावीकडे होता. करवंदीखाली."

"तू खांदा दाबत होतीस."

"हो."

"मला वाटलं, घाबरलीस."

त्यांनी दोन्ही हात वर उचलले, कॅमेरा धरल्यासारखे, आणि म्हणाले, "ये. मागे उभी राहा." मी उभी राहिले. डावा खांदा दाबला. हे वळले. अजून दाबला, अजून वळले. समोर स्टुडिओचा बाग रंगवलेला पडदा लोंबत होता.

"आता?" त्यांनी विचारलं.

"हां," मी म्हटलं. "आता बरोब्बर समोर आहे."