उजवी पापणी

माझी उजवी पापणी जन्मापासूनच खाली उतरलेली होती. डावा डोळा टपोरा आणि उजवा कायम पेंगुळलेला. पापणी उचलायला म्हणून मी नकळत उजवी भिवई वर ताणायची, आणि लोकांना वाटायचं, पोरगी भिवई चढवून बघते. त्यावरून शाळेत मास्तरांनी एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. मी उभी राहिले. घरी सांगितलं नाही.

आमचं गाव कडेगावच्या बाजूला. घरात आबा, आई, थोरला भाऊ, मी आणि नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली आत्या. पापणीचं कारण आत्यानं मी जन्मले त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मी पोटात असताना ग्रहण लागलं आणि आईनं विळीवर भाजी चिरली. पाहुणे आले की माझ्या डोळ्याकडे बघायचे, मग आईकडे बघायचे, आणि आत्या पुन्हा ग्रहणाचं सांगायची. आई चुलीपाशी असायची. ती भाकरी थापत राहायची. मीही ते ऐकत मोठी झाले.

भाऊ पलटणीत होता. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली तो रजेवर आला, तेव्हा मला पंधरावं लागलं होतं. दंडाला गोळी लागून तो काही महिने लष्करी इस्पितळात होता. शेजारच्या खाटेवरच्या शिपायाची लोंबलेली पापणी डॉक्टरांनी वर उचललेली त्यानं तिथं पाहिली होती. जेवताना तो म्हणाला, "आबा, हिला सांगलीला दावून येतो."

आत्या म्हणाली, "गिराणाचा डाग हाय त्यो. डाक्टर काय पुसणार हाय?"

"आवं आत्या, बघू तर द्या."

आबांनी मान हलवली. माझ्या लग्नाचं त्यांच्या मनात असावं.

पेट्रोलच्या टंचाईमुळं सर्व्हिस मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की सगळे उतरायचे आणि मोटारीमागनं चालायचे. सांगलीत पोचलो तेव्हा दुपार टळली होती.

डॉक्टर वयस्क होते, हळू बोलायचे. त्यांनी माझी भिवई अंगठ्यानं दाबून धरली आणि म्हणाले, "आता पापणी उचल." मी सगळा जोर लावला. पापणी हलली नाही. ते भावाकडे वळले.

"पापणी उचलणारा एक बारीक स्नायू असतो. हिचा पोटातच नीट वाढलेला नाही. कुणाची पापणी म्हातारपणी उतरते, कुणाची मार लागून, कुणाची दुसऱ्या एखाद्या दुखण्यानं. आणि थोडा उन्नीस-बीस फरक तर सगळ्यांच्याच डोळ्यांत असतो."

"आन् गिराण?" भावानं विचारलं.

"ग्रहणाचा काही संबंध नाही."

मग त्यांनी माझा डावा डोळा झाकला, बोटानं उजवी पापणी वर धरली आणि समोर हात केला. "किती बोटं?"

समोर काहीतरी पांढरं हललं, धुरातून दिसावं तसं. मी म्हणाले, "हात हाय. बोटं दिसत न्हाईत."

त्यांनी हात खाली घेतला. "पापणी उचलता येईल. दोन्ही डोळे बघणाऱ्याला जवळपास सारखे वाटतील. पण झाकून राहिलेला डोळा बघायला शिकलाच नाही. तीन-चार वर्षांची असताना आणली असती, तर कदाचित..." भाऊ मांडीवरची टोपी गोल फिरवत राहिला. आपण आजवर एकाच डोळ्यानं बघत आलो, हे मला त्या खुर्चीत कळलं. रडू यायला हवं होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघत बसले.

शस्त्रक्रिया झाली. माझ्याच मांडीतली एक चिवट पट्टी काढून डॉक्टरांनी ती कातडीखालून पापणीत ओवली आणि वर भिवईला बांधली. भिवई उचलली की पापणीही उचलली जायची. डोळ्यापेक्षा मांडीच जास्त दुखली. डोळ्यावरची पट्टी सोडल्यावर नर्सबाईंनी आरसा दिला. त्यात एक मुलगी होती, दोन्ही डोळे उघडे असलेली. मी आरसा परत दिला. झोपेत तो डोळा पुरता मिटणार नाही, मलम लावत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

घरी आल्यावर भावानं सगळ्यांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. आत्या "असंल बाई" म्हणून परसात निघून गेली. आई ज्वारी निवडत होती. मी तिच्याजवळ बसले.

"आई, तू भाजी चिरली असतीस, तरी काय झालं नसतं म्हणं."

सुपातला खडा तिनं बाजूला टाकला. "मला तर चिरल्याचं आठवतच न्हाई. पर समदी म्हणत हुती, तवा चिरली असंल."

एवढंच. मी तिच्यासोबत खडे वेचत बसले.

त्याच वर्षी आष्ट्याचं स्थळ आलं. त्यांनी मला चालायला लावलं, हात बघितले, डोळे बघितले. डोळ्यानं दिसतं का, हे कुणी विचारलं नाही आणि आमच्यातल्या कुणी सांगितलं नाही. भाऊ तेवढा जमिनीकडे बघत होता.

लग्नाला वर्ष झालं असेल. उसाच्या लागणीचे दिवस होते. बांधावर बसून मी भाकरी खात होते. आमचे मालक उजव्या अंगानं पाण्याचा तांब्या पुढं करून उभे होते. बराच वेळ उभे असावेत. मला कळलंच नाही.

"ह्या डोळ्यानं दिसत न्हाई व्हय?"

"न्हाई."

"कवापास्नं?"

"कवाच दिसलं न्हाई."

ते वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आले, तांब्या माझ्या हातात दिला, आणि तिथंच खाली बसून आपल्या भाकरीचं फडकं सोडायला लागले.