तीन माडांची चौकशी

हिरा मासे विकायची, पण उतारवयात पंचक्रोशी तिला ओळखायची ती जमीन बघणारी बाई म्हणून. कुणाला जागा घ्यायची असली की विसार देण्याआधी माणसं तिच्या दारात यायची. ती वैशाखात जाऊन त्या जागेतल्या विहिरीचं पाणी चाखायची, अमावास्येच्या उधाणाला खारं पाणी बांधावर कुठवर चढतं ते बघायची आणि मग शेजारच्या चार घरांत पाटी उतरवून बसायची. मासे निवडता निवडता बायका जे बोलून जातात, ते कुठल्या दप्तरात सापडत नाही. हे शहाणपण तिला फार महागात पडलं होतं.

एक्कावन्न साली तिच्या नवऱ्याने, लवूने, आपली होडी विकून खाडीकाठी सहा गुंठे घेतले. लवू सरळ माणूस. त्याने ग्रामदेवतेला कौल लावला. पाषाणाला चिकटवलेल्या कळ्यांतली उजवीकडची आधी पडली, देवाचा होकार झाला, आणि लवूने त्याच दिवशी पैसे देऊन टाकले. विकणाऱ्याचा सख्खा भाऊ मुंबईला गिरणीत होता, त्याची सही झालेली नव्हती. ही गोष्ट वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. लवूने विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. भाऊ आला, कोर्टात गेला. तीन वर्षांनी जमीन गेली आणि पैसेही बुडाले. सातबाऱ्यावर लवूचं नाव एक दिवसही लागलं नाही. पुढे तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी झाला, घरात बोलेनासा झाला आणि सत्तावन्न साली तापाने गेला. हिराने देवाला कधी बोल लावला नाही. एवढंच म्हणायची, "देवाक इचारल्यान, शेजाऱ्याक इचारूक नाय."

त्रेसष्ट साली ती स्वतःच जमीन घ्यायला निघाली. ती राहत होती ती झोपडी दुसऱ्याच्या जागेत, आणि मालकाने दिवाळीपर्यंत जागा सोड म्हणून सांगितलं होतं. लवूच्या आईने घातलेल्या दोन पाटल्या तेवढ्या तिच्याकडे उरल्या होत्या. त्याच सुमाराला भाई नावाच्या बागाईतदाराने पाच गुंठे विकायला काढले. विहीर गोडी, उधाणाचं पाणी चार हात लांब, उताऱ्यावर मालक म्हणून एकट्या भाईचं नाव. हिरा मनातून हरखली. चूल कुठे घालायची तेही तिने ठरवून टाकलं होतं.

फक्त एक गोष्ट तिच्या डोळ्यांत सलत राहिली. कोपऱ्यातल्या तीन माडांचे नारळ वेगळ्या राशीत पडलेले होते. माडावर चढणाऱ्या गणपतला तिने विचारलं, तेव्हा तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "ते तीन माड सुभद्राबायचे. भाईची भयण. बापाशीन तिका चोळी-बांगडेक दिल्यान."

सुभद्रा लहानपणीच विधवा झालेली, कुणकेश्वराला यात्रेकरूंचा स्वयंपाक करून राहत होती. बाप वारल्याला चारच वर्षं झाली होती. आता मुलीलाही बापाच्या जमिनीत वाटा आहे, हे हिरा ज्या वकिलाकडे मासे घालायची त्याच्या ओटीवर तिने ऐकलं होतं. मग उताऱ्यावर या बहिणीचं नाव कुठे होतं?

तिने भाईलाच विचारलं, तर तो हसला. "कागदार तिचा नाव आसा काय? मग गप ऱ्हव गो. कागद बघ आणि घे."

"माज्या घोवानव कोणाक इचारूक नाय," हिरा नवऱ्याच्या आठवणीने म्हणाली.

आता खरं संकट उभं राहिलं. सुभद्रेला विचारावं तर हातात आलेली जागा जायची भीती. न विचारावं तर लवूवर जी पाळी आली तीच उद्या स्वतःवर यायची. आणि दुसरंही एक होतं, ते तिला झोपू देईना. लवूला जसं फसवलं, तसंच आपण एका बाईला फसवणार होतो. तिसऱ्या दिवशी ती कुणकेश्वराला गेली.

सुभद्रेने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "माजे माड जिते आसत?"

"आसत, बाय. भरलेले आसत."

सुभद्रेने पदराने डोळे पुसले. "माका आजपर्यंत कोणी कायएक इचारूक नाय. तू इचारलंस, म्हणान तुका खरां सांगतंय. माका जमीन विकूची नाय. मरताना तरी माका बापाशीच्या जाग्यात मरूचा आसा." आणि तिनेच विचारलं, "मगे तू खंय ऱ्हवतलंस गो?"

"बघतंय," हिरा म्हणाली आणि उठली. परतीच्या वाटेवर ती रडली, हे तिने स्वतःच पुढे कितीदा तरी सांगितलं.

दिवाळीला तिची झोपडी मोडली. हौसाबाई नावाच्या मैत्रिणीच्या पडवीत तिने चूल मांडली. हातची जागा चौकशी करून घालवली म्हणून बाजारात लोक तिची टर उडवायचे. सुभद्रेने मात्र अर्ज करून उताऱ्यावर आपलं नाव लावून घेतलं आणि कोपऱ्यात खोपटं बांधून राहायला आली. त्यामुळे भाईचा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी ठरलेला सौदा बारगळला, तेव्हा कुठे लोकांना हिराची किंमत कळली, आणि मग जो तो तिला जागा बघायला नेऊ लागला. तिने कितीतरी जणांना बुडताना वाचवलं. तिला स्वतःला मात्र गुंठाभर जमीन कधी झाली नाही.

अडुसष्ट साली भाईचा वाटा कुणीतरी विकत घेणार होता, त्याच्यासाठी ती तलाठ्याकडे उतारा आणायला गेली. तलाठ्याने मालकांची नावं वाचली आणि इतर हक्कांच्या रकान्याशी थांबून तिच्याकडे पाहिलं. "नारळाचं झाड एक," तो वाचू लागला, "हिरा भ्रतार लवू. सुभद्राबाईंनी दिलेलं. तुम्हांला ठाऊक नाही?"

हिरा टेबलाजवळ सरकली. "भाऊसाहेब, नाव पुन्हा एकदा वाचा."

"हिरा..."

"माझं नको," ती म्हणाली. "माझ्या नावापुढचं, त्यांचं वाचा."