अस्सल लेदरचा सोफा

माझ्या एका खोट्यापायी माझी आई तीन वर्षं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली.

गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आम्ही सोफा आणला, तो रेक्झिनचा. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. माझा पट्टा, पाकीट, ऑफिसची बॅग, स्कूटरची सीट, सगळं तेच! (गायीम्हशींनी मला आयुष्यात फक्त दूध दिलं.) पण मेहुणा सतीश सोफ्यावर हात फिरवत म्हणाला, "दाजी, लेदर का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग! अस्सल!"

आई माळकरी. चामड्याला शिवत नाही. हे मला आठवेपर्यंत ती गुडघे धरत सोफ्यावरून उठली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली.

"अगं, बस ना इकडे," मी म्हणालो.

"नको रे बाबा. माळ आहे गळ्यात."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. सांगणारच होतो! पण तोवर सतीशने ही बातमी अख्ख्या सासुरवाडीत पोचवली. मग मी काय केलं? आईच्या खुर्चीला उशी आणली. पुढच्या दिवाळीला दुसरी. मन खाऊ लागलं की उशी वाढायची! शेवटी आई इतकी उंच झाली, की तिचे पाय जमिनीला टेकेनात. मग पायांखाली पाट आणला.

तिसऱ्या उन्हाळ्यात सोफ्याचे पापुद्रे सुटू लागले.

"अहो, अस्सल चामड्याला कोंडा होतो का?" बायकोने विचारलं.

"हवा कोरडी आहे," मी म्हणालो. (आणि गुपचूप खोबरेल तेल चोळलं.)

अशात सतीश आला. पांढरी पॅंट घालून! दोन तासांनी उठला, तेव्हा त्याच्या पॅंटवर तपकिरी नकाशा होता आणि सोफ्यावर नुसतं कापड.

"दाजी, हे तर रेक्झिन!"

मी आईपुढे जाऊन उभा राहिलो. "आई, चुकलो. चामडं नव्हतंच गं."

"माहितीये. पहिल्याच दिवशी कळलं. लासलगावात माझे वडील ट्रॅक्टरच्या सीटा शिवायचे, सुईत दोरा मी ओवून द्यायचे. रेक्झिन मला वासावरून कळतं."

"मग बसली का नाहीस?"

"मी बसले असते तर पाहुण्यांना कळलं नसतं? चारचौघांत तुझी लाज कोणी राखायची?" मग दोन उशांवरून हात पुढे करत म्हणाली, "आता उतरव मला."

सोफ्याला नवं रेक्झिन लागलं, आईने चिमटीत धरून निवडलेलं. आता ती मधोमध बसते. खुर्चीवर, दोन उशा आणि पाटासकट, मी. परवा शेजारी विचारत होते, "तुम्ही का हो असे तिथे?"

मी तोंड उघडण्याआधी आई म्हणाली, "त्याच्या कंबरेला बरं पडतं."

त्यांनी चटकन मान डोलावली. तिचं खोटं अस्सल असतं हो! माझंच रेक्झिन, तिसऱ्या उन्हाळ्यात सुटणारं.